विनापरवाना दहा मिनिटं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाच नंबरच्या वॉर्डात एक सिस्टर रडली.

रुग्णालयाच्या नियमपुस्तिकेत कर्मचाऱ्यांनी रडू नये असं कुठंही म्हटलेलं नाही. त्यामुळे ही गोष्ट एरवी कुणाच्या लक्षातही आली नसती. पण नेमके त्याच वेळी अधीक्षक साहेब बाहेरून आलेल्या चार पाहुण्यांना वॉर्डातल्या नव्या फरश्या दाखवत होते. पाहुणे खाली बघत बघत पुढे आले आणि फरशी जिथं संपत होती तिथं औषधांच्या ट्रॉलीला टेकून, हातात रक्तदाब मोजायचा पट्टा घेऊन, नवी सिस्टर हुंदके देत उभी होती.

"यांना काय झालंय?" एका पाहुण्यानं विचारलं.

"या आमच्या सिस्टर आहेत," साहेब म्हणाले.

उत्तर बरोबर होतं, पण पाहुण्यांचं समाधान झालं नाही. दुपारी वॉर्डला पत्र आलं. 'सदर कर्मचाऱ्याने सदर वेळी सदर ठिकाणी अश्रू ढाळल्याचे निदर्शनास आले आहे. तरी अश्रूंच्या कारणाचा खुलासा चोवीस तासांत सादर करावा.'

खुलासा लिहिण्याचं काम मोठ्या सिस्टरांकडे आलं. मोठ्या सिस्टर वॉर्डच्या इन्चार्ज. एकवीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा याच वॉर्डात. उंचीनं बेताच्याच होत्या. त्यांना 'मोठ्या' म्हणत कारण दिवसपाळीला त्यांच्याखेरीज एकच सिस्टर असे, आणि ती नवी होती. त्यांनी नवीला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "काय गं, घरी काही झालं का?"

"घरी काय होणार? घरी जायला मिळालं तर घरी काही होईल ना."

"मग रडलीस कशाला?"

"सात नंबरच्या आजींचं सलाईन संपत आलं होतं. बारा नंबरला उलट्या होत होत्या. तिकडं धावत होते, तर एकोणतीस नंबरच्या बाईंनी हात धरला आणि म्हणाल्या, सिस्टर, जेवलात का?"

"मग?"

"एवढंच. बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं."

मोठ्या सिस्टरांनी पत्राच्या पाठीवरच खुलासा लिहिला. 'वॉर्डात रुग्ण सेहेचाळीस. दिवसपाळीला मंजूर सिस्टर चार, हजर दोन. म्हणून.'

हा खुलासा कार्यालयात अडला. हेडक्लार्कचं म्हणणं असं, की रिकाम्या पदांचा विषय आस्थापना शाखेचा आणि रडण्याचा विषय प्रशिक्षण शाखेचा. एका कागदावर दोन विषय चालत नाहीत. म्हणून त्यांनी कात्री घेतली. 'हजर दोन'पर्यंतचा तुकडा आस्थापना शाखेकडे गेला. तिथं असे तुकडे आठ वर्षांपासून नीट जपून ठेवलेले होते. उरलेला 'म्हणून' प्रशिक्षण शाखेकडे गेला. प्रशिक्षण शाखेला बरेच दिवस काम नव्हतं. त्यांनी 'म्हणून' वाचला आणि कंबर कसली.

पदं भरायची तर वरची मंजुरी लागते. प्रशिक्षणाला फक्त हॉल लागतो. हॉल होता.

पुढच्याच सोमवारी प्रशिक्षिका बाई आल्या. बाई स्वभावानं गोड होत्या आणि झोपलेल्या बाळाशी बोलावं तशा आवाजात सगळ्यांशी बोलत. 'परिचारिकांसाठी भावनिक स्वास्थ्य व ताण-निवारण' असा त्यांचा आठ आठवड्यांचा वर्ग होता आणि त्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. अधीक्षकांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, मेट्रन, चार आणि पाच नंबरच्या इन्चार्ज एवढेच लोक होते.

"आपण हे शास्त्रीय पद्धतीनं करू," बाई म्हणाल्या. "एका वॉर्डला प्रशिक्षण द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. आधी आणि नंतर दोन्हीकडचा ताण मोजायचा. जो फरक पडेल तो प्रशिक्षणाचा."

"मग आमच्या वॉर्डला द्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "रडणारी आमच्याकडं आहे."

"म्हणूनच तुम्हाला नाही," साहेब म्हणाले. "तुमच्याकडं ताण तयार आहे. तयार माल असताना तो बिघडवायचा कशाला? चार नंबरला प्रशिक्षण. तुम्ही तुलना गट."

"तुलना गटानं करायचं काय?"

"काही नाही. आहे तसं राहायचं."

हे तोंडी सांगितल्यावर कुणी विसरेल म्हणून साहेबांनी परिपत्रक काढलं. 'वॉर्ड क्रमांक पाचमधील कर्मचाऱ्यांनी प्रयोगाच्या कालावधीत आपला ताण आहे त्या स्थितीत जपून ठेवावा. ताण कमी होईल अशी कोणतीही कृती सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय करू नये.'

मावशींनी ते परिपत्रक नवीकडून दोनदा वाचून घेतलं. मावशी म्हणजे वॉर्डातल्या कामवाल्या. चादरी बदलायच्या, रुग्णांना उठवायचं-बसवायचं, आणि कोणत्या डॉक्टरांचं कुणाशी वाजलंय ते सगळ्यांच्या आधी कळून घ्यायचं, ही त्यांची कामं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आणि शेजारच्या म्हशीला म्हणायचं, तू आजारीच राहा बाई, बघायचंय."

ताण मोजायची प्रश्नावली चाळीस प्रश्नांची होती. ती घरी भरून आणायची होती. मोठ्या सिस्टर रात्रीच्या भाताला कुकर लावत होत्या, म्हणून त्यांच्या नवऱ्यानं प्रश्न वाचायचे आणि खुणा करायच्या असं ठरलं. तो शाळेत मास्तर होता. शेजारी पेपरांचा गठ्ठा होता आणि हातात लाल पेन.

"प्रश्न सतरा. गेल्या महिन्यात तुम्हाला विनाकारण रडावंसं वाटलं का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, वारंवार, सतत."

"विनाकारण कशाला रडू? कारणं आहेत की."

"तसा पर्याय नाहीये. 'कधीकधी' करतो. मधला पर्याय सहसा चुकत नाही."

"हो, तुमची पोरं तशीच पास होतात."

"प्रश्न बावीस. तुमच्या भावना समजून घेणारी व्यक्ती घरात आहे का?" मास्तर थांबला. पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "काय लिहू?"

"तुम्हीच सांगा."

मास्तरानं गठ्ठ्याकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं. "'क्वचित' लिहितो."

"लिहा. प्रामाणिक आहात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी झाली.

पहिल्या मोजणीत शंभरापैकी चार नंबरचा ताण एकसष्ट आला आणि पाच नंबरचा चौऱ्याहत्तर. साहेब खूश झाले. प्रशिक्षण सुरू झालं.

रोज दुपारी दोन ते चार या वेळात चार नंबरच्या तिन्ही सिस्टर हॉलमध्ये जात. तिथं पडदे ओढलेले असत. बाई सांगत, डोळे मिटा, तुम्ही नदीकाठी बसला आहात, पाणी वाहतंय, विचारही वाहू द्या. पहिल्याच दिवशी एक सिस्टर नदीकाठी पोचायच्या आधीच घोरू लागली. बाईंनी वहीत आनंदानं नोंद केली, 'एक प्रशिक्षणार्थी अत्यल्प काळात गाढ विश्रांतीच्या अवस्थेत.'

या दोन तासांत चार नंबरचे चाळीस रुग्ण नदीकाठी नेता येत नव्हते. ते पाच नंबरच्या दोन सिस्टरांकडे आले. प्रयोगाच्या दृष्टीनं हे सोयीचंच होतं, कारण त्यानं तुलना गटाचा ताण जपला जाणार होता. दोन्ही वॉर्डांच्या मध्ये चौतीस पावलांचा बोळ होता. मोठ्या सिस्टर त्या बोळातून इतक्या वेळा जात-येत, की भेटायला आलेले एक आजोबा त्यांना म्हणाले, "बाई, इतकं चालणं चांगलं नव्हे. एखाद्या डॉक्टरला दाखवा."

चार नंबरच्या सिस्टरांचंही काही बरं चाललं नव्हतं. त्यांना घरचा अभ्यास होता. रोज सकाळी कृतज्ञतेच्या वहीत तीन गोष्टी लिहायच्या आणि रोज वेगळ्या लिहायच्या. एके दिवशी त्यांच्या इन्चार्ज बोळात भेटल्या.

"अगं, नवरा झाला, मुलगी झाली, हातपाय झाले. आता सुचत नाही. काल पंखा लिहिला. बाई म्हणाल्या, जरा आणखी खोल जा. आता पंख्याहून खोल मी कुठं जाऊ?"

"माझं नाव लिही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तुझे चाळीस पेशंट बघतेय."

"तुझं लिहिलंय गं केव्हाच. पहिल्याच आठवड्यात संपलीस तू."

दोन तास हॉलमध्ये गेल्यामुळे चार नंबरचं राहिलेलं काम संध्याकाळी करावं लागे. त्यामुळे घरी जायला उशीर होई. उशिरामुळे चिडचिड होई, आणि चिडचिड झाली की ती वेगळ्या रंगाच्या पानावर लिहून आणावी लागे.

इकडे पाच नंबरात सव्वाचार वाजता एक गोष्ट होत असे. ती अकरा वर्षं होत होती आणि तिला कुणी काही नाव दिलेलं नव्हतं. वॉर्डाच्या टोकाला धुतलेल्या कपड्यांची खोली होती. मावशी कँटीनमधून थर्मासभर चहा आणत. दोघी सिस्टर चादरींच्या गठ्ठ्यांवर टेकत. दार अर्धं उघडं असे, म्हणजे घंटा वाजली तर ऐकू यावी. आणि मावशी अधीक्षक साहेब करून दाखवत. कपड्यांचा हिशेब लिहायची पाटी हातात घ्यायची, ती उलटी धरायची, भुवया वर करायच्या आणि म्हणायचं, "हं. प्रगती आहे. प्रगती आहे. पेशंट कुठंय?" कधी मोठे डॉक्टर करत, कधी बत्तीस नंबरची सून, जी सासूला भेटायला येऊन फोनवर आईशी बोलत बसे. दहा मिनिटं. नवी सिस्टर हसून हसून गठ्ठ्यावरून घसरे. मग घंटा वाजे, कप विसळले जात आणि सगळ्या कामाला लागत.

प्रयोगाच्या दिवसांत दोन वॉर्ड सांभाळून पाय मोडून आलेले असत, म्हणून ही दहा मिनिटं कुणी चुकवेना. मावशींनाही चेव चढला होता. त्यांनी प्रशिक्षिका बाईही बसवल्या होत्या. "डोळे मिटा. तुम्ही नदीकाठी आहात. नदीत चाळीस पेशंट आहेत. वाहू द्या, वाहू द्या."

चार आठवड्यांनी दुसरी मोजणी झाली. चार नंबरचा ताण एकसष्टवरून बहात्तरवर गेला होता. पाच नंबरचा चौऱ्याहत्तरवरून अठ्ठावन्नवर आला होता.

प्रशिक्षिका बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बेरीज तीनदा केली. साहेबांनी बेरीज केली नाही. त्यांना अनुभव होता.

"तुलना गटानं काहीतरी गडबड केलेली आहे," ते म्हणाले. "परवानगीशिवाय ताण कमी झालाय. मेट्रन, चौकशी करा."

मेट्रन बाईंना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. कडक म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांच्या बुटांचा आवाज आला की दोन वॉर्ड पलीकडच्या चादरी ताठ होत. बुधवारी सव्वाचारला त्या बूट न वाजवता आल्या आणि कपड्यांच्या खोलीचं अर्धं दार त्यांनी पूर्ण उघडलं. मावशींच्या हातात उलटी पाटी होती. नवी सिस्टर गठ्ठ्यावरून उठली ती चहासकट.

"काय चाललंय?"

मोठ्या सिस्टर पुढं झाल्या. "चहा चाललाय, मॅडम. दहा मिनिटं. घंटा ऐकू येते इथून."

"आणि ती पाटी?"

"मावशी जरा नकला करतात."

"कुणाच्या?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "सगळ्यांच्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मेट्रन बाईंनी बोळात मागं वळून पाहिलं. मग आत आल्या, दार पुन्हा अर्धं लावलं आणि उशांच्या अभ्र्यांवर बसल्या. बसताना त्यांच्या तोंडून "आई गं" असं निघालं. मावशींनी न विचारता कपात चहा ओतला.

"माझी करता का?"

"नाही हो मॅडम," मावशी म्हणाल्या.

"खोटं बोलू नका. करून दाखवा."

मावशींनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. मग पदर खोचला, मान ताठ केली, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाच आपटत गेल्या, एका चादरीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि नाकातून म्हणाल्या, "स्वच्छ आहे. का आहे?"

आधी काहीच झालं नाही. मग मेट्रन बाईंचे खांदे हलू लागले. त्यांनी चष्मा काढला. इतक्या हसल्या की कप मोठ्या सिस्टरांना धरावा लागला. नवी सिस्टर घाबरून बघत राहिली, कारण मेट्रनला दात आहेत हे तिला माहीत नव्हतं.

"आमच्या वेळी एक होती," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "ऑपरेशन थिएटरला. सर्जनची हुबेहूब नक्कल करायची. मी विसरलेच होते." त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "चहा छान आहे. पण मला लिहावं लागेल हो. साहेबांनी विचारलंय."

"लिहा ना मॅडम," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "खरं तेच लिहा."

मेट्रन बाईंनी खरं तेच लिहिलं. साहेबांनी अहवाल वाचून आधी 'विनापरवाना भावनिक स्वास्थ्य' या शीर्षकाखाली खुलासा मागवायचं ठरवलं. पण साहेब काही दुष्ट नव्हते. अहवाल पुन्हा वाचताना त्यांना दिसलं, की उपाय तर सापडलेला आहे. त्याला फक्त शिस्त नाही. त्यांनी समिती नेमली.

समितीनं कपड्यांच्या खोलीची पाहणी केली आणि तिचं 'भावनिक स्वास्थ्य कक्ष' असं नामकरण केलं. कक्षात कपडे शोभत नाहीत, म्हणून चादरी बोळात ठेवण्यात आल्या. बोळ अरुंद झाला आणि स्ट्रेचर वळेना. जंतुसंसर्ग समितीनं कळवलं, की कक्षात खाद्यपेय नेता येणार नाही, सबब चहा बंद. दार अर्धं उघडं ठेवल्यानं गोपनीयतेचा भंग होतो, सबब ते पूर्ण बंद ठेवावं. दार बंद झाल्यावर घंटा ऐकू येईना, सबब दोघींपैकी एकीनं बाहेर उभं राहावं. दाराशी वही आली. आत जाताना ताण किती, बाहेर येताना किती, सही.

मावशींना 'हास्य संसाधन व्यक्ती' असं पद मिळालं. पदाबरोबर नियमावली मिळाली. वरिष्ठांच्या नकला करू नयेत. कनिष्ठांच्या करू नयेत, भावना दुखावतात. रुग्ण व नातेवाईक यांच्याही नाहीत. पशुपक्षी, वाहने व निसर्गातील ध्वनी यांस हरकत नाही.

पहिल्या दिवशी नवी सिस्टर दाराबाहेर उभी होती. आत मोठ्या सिस्टर आणि चार नंबरच्या दोघी भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. कोपऱ्यात प्रशिक्षिका बाई नोंदी घेत होत्या. मावशी मधोमध उभ्या राहिल्या.

"करा ना मावशी," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "मनमोकळं करा."

मावशींनी घसा साफ केला. "कोंबडा," त्या म्हणाल्या, आणि आरवल्या.

कुणी हसलं नाही. बाईंनी लिहून घेतलं.

"आगगाडी," मावशी म्हणाल्या.

दहा मिनिटं संपायच्या आतच त्यांनी मोठ्या सिस्टरांकडे पाहून हळूच विचारलं, "सिस्टर, मी चादरी बदलायला जाऊ का? ते काम मला येतं."

आठव्या आठवड्यात शेवटची मोजणी झाली. पाच नंबरचा ताण ब्याऐंशी. चार नंबरचा एकाहत्तर. म्हणजे चार नंबरचा गेल्या वेळेपेक्षा एका गुणानं कमी होता आणि तुलना गटापेक्षा तर चक्क अकरानं. प्रयोग यशस्वी झाला. प्रशिक्षिका बाईंनी अहवालाच्या शेवटी एक वाक्य घातलं होतं, 'ताणाचे प्रमुख कारण मनुष्यबळाची कमतरता असावे असे वाटते.' हेडक्लार्कनं ते वाचलं आणि कात्री मागवली.

दोन दिवसांनी नवं पत्र आलं. प्रशिक्षणामुळे उपलब्ध मनुष्यबळातच काम तणावमुक्त होऊ शकते हे सिद्ध झाल्याने दिवसपाळीची दोन रिक्त पदे रद्द करण्यात येत आहेत. मोठ्या सिस्टर पत्र घेऊन साहेबांकडे गेल्या. एकवीस वर्षांत त्या न बोलावता पहिल्यांदाच त्या खोलीत गेल्या होत्या.

"साहेब, एक विचारायचं होतं. आमचा ताण वाढला, तर काय होणार?"

"तर प्रशिक्षण वाढवू."

"आणि कमी झाला तर?"

"तर मग जादा पदं कशाला हवीत?"

"मग मला माणूस मिळणार कधी?"

साहेबांनी प्रेमानं त्यांच्याकडे पाहिलं. "सिस्टर, हा प्रश्न तुम्ही शांतपणे विचारताय, की ताणातून?"

मोठ्या सिस्टरांनी विचार केला. "ताणातून," त्या म्हणाल्या.

"मग पुढच्या तुकडीत तुमचं नाव घालतो. यावेळी तुलना गट चार नंबर."

त्या परत आल्या तेव्हा नवी सिस्टर राजीनामा लिहीत होती. दोन ओळींचाच होता. मोठ्या सिस्टरांनी तो वाचला, एक काना चुकला होता तो दुरुस्त केला आणि म्हणाल्या, "तारीख महिनाअखेरची घाल. तोवर मी एकटी व्हायची सवय करते." नवीनं तारीख बदलली. मग एकवीस नंबरची घंटा वाजली आणि दोघींनी एकदमच ट्रॉलीला हात घातला.

नवी गेली. वरच्या कार्यालयाला या यशाचा आणखी पुरावा हवा होता, म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांनी भरायचा एक फॉर्म निघाला. फॉर्म सुटसुटीत होता. त्यात प्रश्न एकच, 'सिस्टर हसतमुख होत्या का?' खाली 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन आणि सूचनेसाठी एक ओळ.

त्या आठवड्यात एकतीस नंबरच्या आजी घरी जाणार होत्या. नऊ दिवस होत्या. न्यूमोनिया होता, आणि मधले दोन दिवस काही खरं नव्हतं. त्यांचा मुलगा रोज येऊन खाटेशेजारी पुस्तक वाचत बसे. पन्नाशीचे, मृदू बोलणारे, वाचनाची आवड असलेले गृहस्थ. कधी आवाज चढवला नाही. मोठ्या सिस्टर आजींच्या हातातली सलाईनची सुई काढत होत्या, तेव्हा गृहस्थांनी समोरच्या बंद दारावरची पाटी वाचली.

"हा भावनिक स्वास्थ्य कक्ष म्हणजे काय हो?"

मोठ्या सिस्टरांनी कापसाचा बोळा दाबून धरला होता. तो दोन मिनिटं धरावा लागतो. मग पट्टी लावायची, गोळ्या मोजायच्या, कोणती जेवणाआधी आणि कोणती नंतर ते लिहून द्यायचं. तेवढ्यात त्यांनी सगळी हकिगत सांगितली. कात्री सांगितली, नदी सांगितली, पंखा सांगितला, कोंबडा सांगितला. गृहस्थ आधी गालात हसले, मग मोठ्यानं, मग त्यांना डोळे पुसावे लागले. आजीही सुकलेल्या ओठांनी हसल्या.

"काय एकेक लोक असतात!" गृहस्थ म्हणाले. "कमाल आहे. माणसं द्यायची सोडून! नाही, नाही, यावर कुणीतरी लिहायलाच हवं. मी तर वाचीन, आणि चार जणांना वाचायला देईन."

मोठ्या सिस्टरांनी गोळ्यांची पाकिटं त्यांच्या हातात दिली आणि फॉर्मही दिला. तेवढ्यात दोन घंटा एकदम वाजल्या. त्या सव्वीस नंबरकडे वळल्या आणि जाता जाता खांद्यावरूनच म्हणाल्या, "पांढरी गोळी उपाशीपोटी. विसरू नका."

गृहस्थांनी फॉर्म वाचला. वाचून प्रामाणिकपणे विचार केला, कारण ते प्रामाणिक होते. नऊ दिवस आठवून पाहिले. रात्रीच्या पाळीला निरोप देऊन ठेवणाऱ्या सिस्टर आठवल्या, आईचे केस विंचरणाऱ्या आठवल्या, धावणाऱ्या तर रोजच्याच. हसणाऱ्या मात्र आठवेनात. आत्तासुद्धा, ते एवढे पोट धरून हसले, तर बाई गोळ्याच मोजत होत्या.

त्यांनी 'नाही'वर खूण केली. पण कुणाचं नुकसान होऊ नये असा त्यांचा स्वभाव होता, म्हणून सूचनेच्या ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'काम उत्तम. मात्र हसून बोलण्याचे थोडे प्रशिक्षण द्यावे.'